रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन, त्रास मात्र चालूच. आपलं म्हणणं कसं लावून धरावं?

सावलीउन्ह

नमस्कार मंडळी. सततचा थकवा, उभं राहिलं की धडधड, जिना चढताना धाप आणि केस गळणं असा त्रास काही महिने चालू आहे. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), उपाशीपोटी साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ईसीजी झालं, सगळं 'नॉर्मल'. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच की टेन्शन कमी करा, झोप घ्या. ताणाचा संबंध असू शकतो हे मला मान्य आहे. पण तपासणी पाच मिनिटांत आटोपते, वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि दाराबाहेर आल्यावर आठवतं की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच.

भांडण न करता, पण माघारही न घेता बोलायचं कसं? कोणत्या नोंदी नेल्या तर डॉक्टरांना खरंच उपयोग होतो? 'सगळं नॉर्मल आहे' म्हटल्यावर नेमकं काय विचारायचं? आणि डॉक्टर बदलायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं? 'शांतपणे, आत्मविश्वासाने बोला' हे वाचून झालंय, त्याचा उपयोग होत नाही. शब्द सांगा, आकडे सांगा.

घडवंची

सगळ्यात जास्त तयारी पहिल्या मिनिटाची करा. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर रुग्णाचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडतात असं दिसलं होतं. २०१८ सालच्या दुसऱ्या अभ्यासात, जिथे बोलणं तोडलं गेलं तिथे साधारण ११ सेकंदच मिळाले होते. आणि २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना मुद्दाम न बोलता ऐकायला लावलं, तेव्हा रुग्णांचं सांगणं सरासरी ९२ सेकंदांत आपणहून संपलं. दीड मिनिट बहुतेकांना पुरतं, पण ते सलग मिळेल असं धरू नका. मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत आलीच पाहिजे.

'थकवा येतो' हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर दिवसभर पडत असतं, त्यामुळे ते निसटून जातं. त्याऐवजी आधी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही ते सांगा. उदाहरणार्थ: "आधी मी तीन मजले न थांबता चढायचे, आता पहिल्याच मजल्यावर थांबावं लागतं. हा बदल गेल्या चार महिन्यांतला आहे आणि वाढतोय." यात क्षमता, कालावधी आणि दिशा तिन्ही आलं. लगेच पुढे: "आज मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत, धाप, उभं राहिल्यावरची धडधड आणि केस." यादी सुरुवातीलाच टेबलावर ठेवली की डॉक्टर वेळेची वाटणी करू शकतात. उठता उठता काढलेला मुद्दा कितीही गंभीर असला तरी त्याला घाईचंच उत्तर मिळतं.

नोंदी एका पानात बसवा. जाडजूड वही कुणी वाचत नाही, आणि काही डॉक्टर ती वही हेच काळजीखोरपणाचं लक्षण मानतात. हे अन्यायाचं आहे, पण घडतं. दोन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. तारीख, वेळ, काय झालं, किती मिनिटं टिकलं, त्याआधी काय चाललं होतं (उभं होतो, जेवलो होतो, पाळीचा दिवस होता, श्रम झाले होते) आणि कशाने थांबलं. 'भयंकर', 'असह्य' असे शब्द काढून टाका. 'भांडी घासताना मध्येच बसावं लागलं' हे त्यांच्याहून जास्त सांगतं.

तुमच्या धडधडीसाठी घरच्या घरी करण्याजोगं एक मोजमाप आहे. सकाळी, चहा-कॉफीच्या आधी, दहा मिनिटं शांत आडवं पडा आणि नाडी व रक्तदाब मोजा. मग उठून भिंतीला हलकं टेकून उभं राहा, हालचाल न करता, आणि १, ३, ५ आणि १० मिनिटांनी पुन्हा दोन्ही मोजा. जवळ कुणीतरी असू द्या, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा, चाचणी पूर्ण करायचा हट्ट नको. वेगवेगळ्या तीन दिवशी हेच करा. दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल (१२ ते १९ वयात ४०) आणि रक्तदाब मात्र पडत नसेल, तर पॉट्स (उभं राहिल्यावर नाडी प्रमाणाबाहेर वाढणं) या विकाराचा विचार करावा लागतो. पहिल्या तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो वेगळा प्रश्न. पाणी कमी पिणं, रक्तक्षय, थायरॉइड, काही औषधं यांनीही नाडी अशी वाढते, म्हणून घरी निदान करू नका, फक्त आकडे न्या. "आडवं असताना ७२, पाच मिनिटं उभं राहिल्यावर ११२, तिन्ही दिवस" असं काही समोर आलं की 'टेन्शन' म्हणून विषय मिटवणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

आता शब्द. 'टेन्शन आहे' याला 'नाही, टेन्शन नाही' असं उत्तर दिलंत की वाद सुरू होतो आणि तो तुम्ही हरता. त्यापेक्षा: "असू शकेल. पण यात टेन्शनशी न जुळणारं काही आहे का?" मग: "याशिवाय आणखी काय काय असू शकतं? त्यातलं कोणतं कोणत्या तपासणीने बाजूला पडलंय?" आणि शेवटी हे विचारल्याशिवाय उठू नका: "तुम्ही सांगता तसं केलं तर किती आठवड्यांत फरक दिसायला हवा? नाही दिसला तर पुढची पायरी कोणती?" हे उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या भेटीला मग सगळं पहिल्यापासून पटवावं लागत नाही. "सहा आठवडे झोप आणि व्यायाम सांगितल्याप्रमाणे केलं, धाप तशीच आहे, आपण पुढच्या पायरीबद्दल बोललो होतो" एवढं पुरतं.

इंटरनेटवर वाचलेलं लपवू नका, पण निदान हातात घेऊन जाऊ नका. "मला अमुक आजाराची भीती वाटते. तो नाही हे आपण कशावरून म्हणतोय?" हा प्रश्न कुठल्याही समंजस डॉक्टरला रास्त वाटतो.

सोबत कुणाला नेत असाल तर त्याचं काम आधी ठरवा. त्याने उत्तरं लिहून घ्यायची आणि तुम्हाला जे दिसत नाही ते सांगायचं, जसं घोरणं, चक्कर आल्यावरचा चेहऱ्याचा रंग, किती वेळ शुद्ध नव्हती. तुमच्याऐवजी बोलत सुटणारा सोबती नेण्यापेक्षा एकटं गेलेलं बरं. झटका, थरथर, पुरळ असं काही असेल तर व्हिडिओ किंवा तारखेसह फोटो, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो.

सूक्ष्मदर्शक

घडवंचींच्या प्रतिसादाला पुरवणी, फक्त 'नॉर्मल' या शब्दापुरती. कारण लोक अडकतात ते इथेच.

पहिली गोष्ट, रिपोर्टचा कागद किंवा पीडीएफ दरवेळी स्वतःजवळ ठेवा. 'नॉर्मल आहे' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. रिपोर्टवर छापलेली संदर्भ मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. म्हणजे ठणठणीत माणसांतले वीसातले एक जण तिच्या बाहेर असतात, आणि आजारी माणूस आत असू शकतो. मागचे तीन-चार रिपोर्ट एका ओळीत लिहा. हिमोग्लोबिन १४.५ वरून १२.२ वर आलं तर स्त्रीसाठी ते अजून 'नॉर्मल'च छापलं जातं, कारण तिथली सीमा १२ आहे. पण घसरण खरी आहे आणि तिचं कारण विचारायलाच हवं.

दुसरी गोष्ट, झालेली तपासणी तुमच्या तक्रारीला उत्तर देणारी होती का? साधा ईसीजी सुमारे दहा सेकंदांचीच नोंद करतो. त्या दहा सेकंदांत धडधड झाली नसेल तर तो धडधडीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. रोज होत असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) उपयोगी. आठवड्यातून एकदा होत असेल तर होल्टरही कोरा येण्याची शक्यता जास्त, तिथे एक-दोन आठवडे लावून ठेवायचा मॉनिटर विचारावा. म्हणून 'किती वेळा होतं' हा आकडा तयार ठेवा, तपासणीची निवड त्यावर ठरते.

थकवा, धाप आणि केस गळणं एकत्र असेल तर फेरिटिन (लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) झालंय का ते बघा. सीबीसीत ते नसतं. शरीर आधी लोहाचा साठा संपवतं आणि हिमोग्लोबिन नंतर पडतं, त्यामुळे सीबीसी चांगला आणि साठा रिकामा असं सर्रास असतं. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी प्रौढांसाठीची सीमा १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, पण बरेच डॉक्टर ३० च्या खालीच कमतरता धरतात. शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर जातं. अशा वेळी हीच संघटना ७० ची सीमा सांगते, म्हणून सोबत सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) केलेलं बरं. आणि साठा कमी निघाला तर गोळी घेऊन थांबू नका, 'लोह जातंय कुठे' हे विचारा. पाळी असेल तर मोजून सांगा: सात दिवसांहून जास्त, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गुठळ्या. 'पाळी नेहमीसारखीच आहे' असं सांगणाऱ्या कितीतरी जणींची नेहमीचीच पाळी जास्त असते. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाला असेल तर पोट आणि आतडं तपासल्याशिवाय विषय मिटवू नये.

धागाकर्तीसाठी खास: केसांसाठी कुठल्या गोळ्या घेताय का? त्यांत अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) असतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे शेकडो पट झालं. काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत एवढं बायोटिन टीएसएच खोटं कमी आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटं जास्त दाखवतं. थायरॉइड मंदावलेला असतानाही आकडा नॉर्मलमध्ये बसू शकतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि प्रयोगशाळेलाही सांगा. बायोटिनचा प्रश्न डॉक्टरांकडून येईलच असं नाही, आणि 'ही काय औषधं आहेत होय' म्हणून रुग्णही सांगत नाहीत. यादीत सगळं लिहा: टॉनिक, वनौषधी, वेदनाशामक, गर्भनिरोधक गोळ्या. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ पाहायला सांगा. ते २०० ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मधे आलं तर 'नॉर्मल' म्हणून सोडण्याऐवजी मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही तपासणी करून खात्री करता येते.

आणखी एक, सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी गहू बंद करून केली तर निगेटिव्ह येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य.

टेबलापलीकडून

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण ती माहीत असली तर रुग्णाचे म्हणणे अधिक नेमके होते.

तपासणी नाकारणे म्हणजे दुर्लक्ष असेलच असे नाही. शक्यता कमी असताना केलेली चाचणी उत्तरांपेक्षा गोंधळ जास्त देते. एएनए ही (शरीर स्वतःवरच हल्ला करते अशा आजारांसाठीची) तपासणी १:८० या पातळीला शंभरातल्या १० ते १५ निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते. सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांची काही लक्षणे नसताना ती केली की पुढचे कित्येक महिने नसलेल्या आजाराच्या मागे धावण्यात जातात. सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगासाठी पाहतात ती तपासणी) पाळीच्या दिवसांतही वाढते. म्हणून 'सगळ्या तपासण्या करा' ही मागणी करू नये. "ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर आपण काय बदलणार, आणि निगेटिव्ह आली तर काय?" असे विचारावे. दोन्हीचे उत्तर 'काही नाही' असेल तर ती न केलेलीच बरी, आणि उत्तर ठोस असेल तर तुमची मागणी आपोआप योग्य ठरते.

'चिंता' या निदानाबद्दल. ते निदान असेल तर त्यालाही पुरावा लागतो, उरलेल्या जागी चिकटवायची ती चिठ्ठी नाही. "कशावरून?" असे जरूर विचारा. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी दोन-तीन मिनिटांत होते. गुण ० ते २१, आणि १० किंवा अधिक आल्यास पुढे नीट पाहावे लागते. पॅनिकचा झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि आडवे असतानाही येऊ शकतो. उभे राहिल्यावरच येणारी आणि आडवे होताच जाणारी धडधड वेगळे सांगत असते. हा फरक डॉक्टरांपुढे याच शब्दांत ठेवा. मात्र चिंता निघालीच तर तिचे उपचार नाकारू नका. चिंता आणि लोहाची कमतरता एकाच माणसात सुखेनैव नांदतात, आणि एकावर उपचार घेतल्याने दुसरीचा शोध थांबवायची गरज नसते. हे बोलून दाखवा: "चिंतेसाठी तुम्ही सांगाल ते करते, सोबत धापेचा शोधही चालू ठेवूया."

लक्षणे वाढवून सांगू नका. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर आवाज चढतो, हे समजण्यासारखे आहे. पण दहापैकी दहा वेदना म्हणणारा रुग्ण तपासताना निवांत दिसला की पुढच्या सगळ्या सांगण्यावरचा विश्वास कमी होतो. बरोबर उलटही होते: शेवटपर्यंत हसतमुखाने 'तसे ठीक आहे' म्हणणाऱ्यांचा गंभीर त्रास सुटून जातो. जेवढे आहे तेवढेच.

आणि काही लक्षणांत हे सगळे संभाषणकौशल्य बाजूला ठेवून थेट तातडीच्या विभागात जावे. छातीत दाब, सोबत घाम, जबडा किंवा हात भरून येणे (स्त्रियांत मळमळ, पाठदुखी, धाप हेही ठळक असू शकते, आणि पहिला ईसीजी व पहिले ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) नॉर्मल असले तरी काही तासांनी पुन्हा करावे लागते). एकाएकी, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी. एका बाजूची कमजोरी, वाकडा चेहरा, अडखळती वाचा. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा लघवी अडणे. एका पोटरीला सूज आणि त्यासोबत धाप. श्रमात शुद्ध हरपणे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरणे, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम, शौचातून रक्त, यांना तासांची घाई नसली तरी 'बघू नंतर' चालत नाही. 'मूळव्याधच असेल' हे तपासून ठरवायचे असते.

सावलीउन्ह

केसांच्या गोळ्या चालू आहेत, डब्यावर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. फेरिटिन झालेलं नाही. आता दोन शंका. तपासणी नाकारली तर 'तसं केसपेपरवर लिहा' असं सांगावं असा सल्ला सगळीकडे दिसतो. त्याने संबंध बिघडत नाहीत का? आणि डॉक्टर बदलण्याबद्दल कुणी बोललं नाही.

घडवंची

१०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम. टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा करायचं साधं, न भांडता सांगता येणारं कारण तुमच्या हातात आलं. तिथूनच सुरुवात करा: "मागचं रक्त बायोटिन चालू असताना दिलं होतं. बंद करून पुन्हा करायचं का, आणि त्याच रक्तात फेरिटिन बघता येईल का?" अशी छोटी, कारणासह केलेली मागणी नाकारली जाण्याची शक्यता खूप कमी.

केसपेपरवर लिहा म्हणणं सुरावर ठरतं. 'तुम्ही नाकारताय ते लिहून द्या' ही धमकी आहे, आणि पुढची भेट त्या सावटाखाली होते. "आज काय तपासलं, काय सापडलं आणि ही तपासणी आत्ता का नको, हे दोन ओळींत लिहाल का? दुसरीकडे जावं लागलं तर मला सांगता येत नाही" असं म्हणा. काम तेच होतं, आणि लिहायला बसलं की डॉक्टरही एकदा पुन्हा विचार करतात. तोंडी बोलणं जमतच नसेल तर तेच एक पान टेबलावर सरकवा आणि 'हे आधी वाचाल का' एवढंच म्हणा.

आडवाट

डॉक्टर बदलण्याबद्दल. एखादा दिवस घाईचा गेला म्हणून बदलू नका. ठरलेली मुदत संपूनही त्रास तसाच असताना पुढची पायरी सांगितली जात नाही, नवं लक्षण सांगूनही तपासायला हात लावला जात नाही, किंवा 'आणखी काय असू शकतं' या प्रश्नालाच राग येतो, यातलं काहीही पुन्हा पुन्हा झालं की दुसरं मत घ्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मात्र पाच डॉक्टर एकामागून एक फिरण्यात तोटा असा की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो, त्याच तपासण्या पुन्हा होतात आणि काळानुसार काय बदललं हे कुणालाच दिसत नाही. एक जण सगळं एकत्र ठेवणारा असू द्या.

रुग्णालयात दाखल असताना गोष्ट वेगळी, तिथे आठवड्यांची मुदत नसते. प्रकृती ढासळतेय असं वाटलं तर आधी परिचारिकेला, मग वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला, मग वरिष्ठ डॉक्टरांना, याच क्रमाने आणि न थांबता सांगा. "हा नेहमीसारखा नाहीये, सकाळपेक्षा श्वास वेगाने घेतोय" असं बदलाच्या भाषेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून 'रायन्स रूल' आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' या नावाने नातेवाइकांना थेट स्वतंत्र पथकाकडून फेरतपासणी मागता येते. दोन्ही नियम मूल गमावलेल्या कुटुंबांच्या पाठपुराव्यातून आले आहेत. इतर ठिकाणीही दाखल होतानाच विचारून ठेवा की रात्री दोन वाजता शंका आली तर कुणाला बोलवायचं.

दुसऱ्या मताला जाताना रिपोर्टच्या कागदांवर भागवू नका. एमआरआय, सीटीच्या मूळ प्रतिमा सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागा, कारण नवा डॉक्टर किंवा रेडिओलॉजिस्ट त्या स्वतः बघू शकतो. बायोप्सी झाली असेल तर काचा आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याचे जपलेले नमुने) मागता येतात. आणि क्रम सांभाळा. बसल्या बसल्या 'आधीचे डॉक्टर टेन्शन म्हणाले' सांगितलंत तर दुसरी व्यक्तीही तिथूनच विचार सुरू करते, एकदा लागलेलं लेबल फाइलसोबत पुढे सरकत राहतं. आधी लक्षणं आणि आकडे सांगा, त्यांना तपासू द्या, त्यांचं मत ऐका. जुनी फाइल लपवायची नाही, फक्त ती त्यानंतर उघडायची.